दीड सुताची नळी आणि तिची दोन टोकं

गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची तीन मुलं भोसरीत आमच्या शेडवर आली. कॉलेजच्या स्पर्धेसाठी ती बग्गी बांधत होती. चासी वेल्ड झाली होती, इंजिन बसलं होतं, आणि आता एकाच्या खांद्यावर तांब्याच्या नळीचं भेंडोळं होतं. "काका, याला फ्लेअर मारून द्या ना. ब्रेकला लावायची आहे." नळी छान होती. चकचकीत, मऊ, हाताने हवी तशी वळणारी. एसी-फ्रीजच्या सामानाच्या दुकानातून आणली होती, आणि माप बरोबर दीड सूत होतं.

मी फ्लेअर मारून, म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड उमलवून, दिला नाही. चहा मागवला आणि त्यांना बसवून घेतलं. त्या दुपारी जे बोललो तेच इथे जरा नीट मांडतो. सुटे भाग जमवून गाडी बांधणाऱ्यांची संख्या पुण्यात वाढते आहे. कुणी जुनी जीप उघडून पुन्हा उभी करतं, कुणी कॉलेजच्या टीममध्ये असतं, कुणी शेतावर फिरवायला बग्गी बनवतं. इंजिन आणि गिअरबॉक्सवर त्यांच्यात महिनोन् महिने चर्चा होते. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांचं काम मात्र शेवटच्या आठवड्यात, रात्री अकरा वाजता उरकलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरी बांधलेली गाडी आपल्याकडे सहजासहजी रस्त्यावर येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२६व्या नियमाप्रमाणे गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. आपण सकाळी जिथे फिरायला जातो त्या टेकडीला जिच्यामुळे एआरएआय टेकडी म्हणतात, ती १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था त्यांपैकीच एक. नोंदणी झालेल्या गाडीतही कागदावर आहे त्यापेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाची आडकाठी आहे. त्यामुळे इथे लिहिलेलं ट्रॅकवरच्या, स्पर्धेतल्या आणि खासगी जागेतल्या गाड्यांसाठी, आणि जुन्या गाडीची नळी जशी होती तशीच बदलणाऱ्यांसाठी आहे.

आता नळीत काय चालतं ते पाहू. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं साधन, नसलेली साधी गाडी घ्या. जोरात ब्रेक मारताना पायाचा दाब ४० किलोपर्यंत सहज जातो. पेडल सहास एकच्या तरफेचं असेल तर मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल नळ्यांत दाबणाऱ्या सिलेंडरच्या, दांड्यावर २४० किलो पडतात. पाऊण इंची मास्टर सिलेंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ८४ किलो येतात. कारच्या टायरमध्ये आपण सव्वादोन किलोच्या आसपास हवा भरतो. हा दाब त्याच्या सदतीसपट झाला.

आकडा ऐकून मुलं दचकली. मग मी दुसरं गणित मांडलं. ब्रेकची नेहमीची नळी बाहेरून ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच, आपल्या भाषेत दीड सूत. तिची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर. नळी इतकी बारीक असल्यामुळे ८४ किलोच्या दाबाने तिच्या पोलादावर जो ताण येतो, तो ते पोलाद तुटायला लागणाऱ्या ताणाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो. चांगली नळी दाबाने फुटत नाही. ती टोकाशी गळते, कशाला तरी घासून झिजते, थरथरून तडकते, किंवा गंजून पातळ होते. चांगली नळी विकत मिळते. तिला टोक देणं आणि जागेवर पक्कं बसवणं मात्र बांधणाऱ्याच्याच हातात असतं, आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं.

कोणती नळी घ्यायची

कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत बंडी ट्यूब असते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळतात आणि भट्टीत तो मुलामा वितळवून वेढे एकजीव करतात. भिंत दुहेरी झाली की एका थरातला दोष दुसरा थर झाकतो. वर जस्ताचा किंवा नायलॉनचा लेप असतो. स्वस्त आहे, मजबूत आहे, आणि नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत 'ब्रेक पाईप' मागितलात तर बहुधा हीच हातात पडेल. तिचा एकच शत्रू, गंज. लेप खरवडला गेला की पावसाळ्यातला चिखल तिथे चिकटून बसतो आणि नळीला हळूहळू खातो.

दुसरा पर्याय तांबं-निकेलची नळी. दहा टक्के निकेल असतं. दिसायला तांब्यासारखीच, जरा फिकट. हाताने वळते, फ्लेअर सुंदर येतो, आणि गंजाची भानगड जवळजवळ नाही. महाग आहे, पण पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्याला मी हीच घ्यायला सांगतो, कारण शिकताना चार फ्लेअर बिघडणार आणि ही नळी चुका सोसते.

साधं तांबं का नको, हा त्या मुलांचा पहिला प्रश्न. लोखंडी तार एकाच जागी पुढे-मागे वाकवली की आधी ती कडक होते आणि मग तुटते, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. शुद्ध तांब्याचं तेच होतं, आणि फार लवकर. भेंडोळं उलगडताना, वळण देताना, फ्लेअर मारताना ते कडक होत जातं. मग गाडीच्या थरथराटाने नेमकं फ्लेअरच्या मुळाशी बारीक तडा पडतो. फ्रीजच्या मागची नळी जागच्या जागी असते. बग्गीची नळी खड्ड्यांतून धावते.

स्टेनलेस नळी दिसते देखणी, पण तिला घरगुती हत्याराने दुहेरी फ्लेअर द्यायला गेलात तर कड हमखास फाटते. तिचं काम वेगळ्या, ३७ अंशाच्या फिटिंगनी करतात. त्यात नळीमागे बाही बसते. अनुभव नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. प्लास्टिकची नळी ब्रेकला कधीही नाही. विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेचे नियमही तिला मनाई करतात. दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट हवीत, हाही त्याच नियमांतला आग्रह आहे आणि तो रास्त आहे. एक नळी गेली तरी निदान दोन चाकं थांबतात.

टोक

फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड उमलवून केलेली कड. नट आवळला की ही कड समोरच्या भागातल्या सीटवर, म्हणजे ती टेकते त्या तळावर, दाबली जाते, धातूवर धातू बसतो आणि गळती थांबते. एसीवाल्याच्या हत्याराने होतो तो एकेरी फ्लेअर: तोंड एकदाच उमलवलेलं. ब्रेकला दुहेरी लागतो. परकराची किनार दुमडून शिवतात तशी नळीची कड आत दुमडून दुहेरी करायची. पातळ कड आवळताना चिरते, दुमडलेली टिकते. ब्रेकचं हत्यार म्हणून तेच घ्या ज्याच्या पेटीत बटणासारखे छोटे डाय असतील. पहिल्या दाबात ते तोंडाला बुडबुड्यासारखा आकार देतात, दुसऱ्यात शंकू ती कड आत मुडपतो.

काही गाड्यांत पहिल्याच टप्प्यावर थांबायचं असतं. त्याला बबल फ्लेअर म्हणतात, आणि युरोपियन गाड्यांत तो जास्त दिसतो. कोणता हवा हे नटाकडे बघून ठरवू नका, कारण १० मिलिमीटरचा तोच नट युरोपियन गाडीत बबलवर बसतो आणि जपानी पद्धतीच्या गाडीत दुहेरी फ्लेअरवर. ज्या भागात नळी जाणार त्याच्या भोकात टॉर्च मारून बघा. तळाशी वर आलेला शंकू दिसला तर दुहेरी फ्लेअर. तळ वाटीसारखा खोल असेल तर बबल. चुकीची जोडी कधी कधी पहिल्या दिवशी गळत नाही. त्यामुळेच ती जास्त धोक्याची.

आट्यांचं याहून वाईट. जुन्या जीपचे भाग इंची आट्यांचे, आजच्या कारचे मिलिमीटरचे, आणि आपली गाडी तर दोन्हींच्या मिश्रणातूनच बनते. इंची नट ३/८चा असतो, एका इंचात २४ आटे. म्हणजे व्यास ९.५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर १.०६. मिलिमीटरचा नट १० व्यासाचा, अंतर १. इतके जवळचे आकडे आहेत की इंची नट १० मिलिमीटरच्या भोकात काही फेरे बिनतक्रार जातो. हाताला जरासा सैल लागतो, एवढंच. आवळताना आटे घसरतात, किंवा घसरत नाहीत आणि पहिल्या कचकचीत ब्रेकला नट बाहेर येतो. आटेगेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तो खिशात ठेवा. मोटारसायकलचे कॅलिपर वापरणाऱ्यांनी बॅन्जो बोल्टचंही, म्हणजे ज्याच्या पोटातून ब्रेक ऑइल जातं त्या पोकळ बोल्टचंही, बघावं. काहींचं आटेअंतर १ असतं, काहींचं १.२५. त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. आधी नळीला हात लावू नका. बाइंडिंगची किंवा गॅस वेल्डिंगची तार घ्या आणि चासीवर नळीचा मार्ग तारेने काढा. वळणं तारेत आली की तीच नळीसाठी साचा. वळण बेंडरने द्या. बेंडर नसेल तर तीस-पस्तीस मिलिमीटर व्यासाच्या गोल लोखंडाभोवती अंगठ्याने, हळूहळू. नळी चेपली तर तेवढा तुकडा टाकून द्या, सरळ करत बसू नका. कापायला चाकाचा पाईप कटर. हॅकसॉने कापलं तर तोंड तिरकं येतं आणि कीस आत जातो. कापल्यावर आतली बाहेरची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरबरीत धार, काढा, तोंड कानशीने काटकोनात आणा. चांगल्या फ्लेअरचं निम्मं काम इथे होतं.

मग नट. फ्लेअर मारण्याआधी नट नळीत घातला का, बघा. दुसऱ्या टोकाचाही. ही चूक प्रत्येक जण करतो. मी तीस वर्षांनंतरही हत्यार आवळण्याआधी एकदा बोट लावून खात्री करतो. नळी साच्यातून किती बाहेर ठेवायची ते त्या मापाच्या बटणाच्या पायरीवरून ठरतं. ब्रेक ऑइलचा एक थेंब लावून दाबा. झालेला फ्लेअर भिंगातून बघा: कड सगळीकडे सारखी रुंद, मधोमध, चीर नाही, ओरखडा नाही. शंका आली की कापा. म्हणूनच दर नळी मोजमापापेक्षा थोडी लांब घ्यायची.

शेवटी नळी आतून ब्रेक क्लीनरने धुऊन, हवा मारून, दोन्ही तोंडं टोपीने बंद करून ठेवा. एक कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तर ब्रेक धरून राहतो. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका. प्लंबिंगमध्ये आटे पाणी अडवतात, इथे सीट अडवते. टेपचा धागा आत गेला तर उलट त्रास. नट आधी बोटांनी पूर्ण आत जायला हवा, मग फ्लेअर नट स्पॅनरने आवळा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. एकदा गळलं म्हणून आणखी जोर लावू नका. सोडून, थोडं फिरवून, पुन्हा बसवा.

बांधणं

नळी चासीच्या आतल्या अंगाला, सर्वांत खालच्या पाइपाच्या वर धावली पाहिजे, म्हणजे दगडाचा मार चासी झेलेल. दर तीस सेंटिमीटरला, वळणाजवळ त्याहून जवळ, रबर लावलेली पी-क्लिप, म्हणजे नळीभोवती वळून बोल्टने चासीला धरणारी पट्टी. प्लास्टिकचे टाय उन्हात कडक होऊन तुटतात. त्यांच्यावर विसंबू नका. पत्र्यातून नळी जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, हवाच. पत्र्याची कड आणि थरथर मिळून करवतीचं काम करतात. वर चढून खाली उतरणारी उलटी वळणं टाळा. हवा त्या उंचवट्यात बसते आणि मग चार माणसं दुपारभर एअर काढत बसतात.

चाकापर्यंतचा शेवटचा हातभर भाग लवचीक होजचा. ताठ नळी जिथे संपते तिथे चासीला पक्का ब्रॅकेट हवा, होजचं हलणं नळीच्या टोकावर पडता कामा नये. होज बसवल्यावर गाडी जॅकवर घ्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. सस्पेन्शन पूर्ण वर, पूर्ण खाली. या चारही टोकांच्या एकत्र स्थितींत होज ताणला जातो का, टायरला लागतो का, पिळतो का, बघा. होजवर लांबीभर रेघ छापलेली असते. ती सरळ दिसली म्हणजे पीळ नाही.

पेट्रोलची नळी

इथे दाब मामुली असतो. कार्ब्युरेटरला पंप असेल तर अर्ध्या किलोच्याही आत, इंजेक्शनला साधारण तीन-चार किलो. पण ब्रेक ऑइल गळलं तर गाडी थांबत नाही. पेट्रोल गळलं तर आग लागते. नळी मोठी लागते, बहुधा ८ मिलिमीटर, कारण इथे नुसता दाब पोचवायचा नसून पेट्रोल वाहायचं असतं. धातूची नळी पोलादी किंवा स्टेनलेस. तांबं इथेही नको: तांब्याच्या सहवासात पेट्रोल लवकर बिघडतं, चिकट गोंद तयार होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजतात. जस्ताचा मुलामा आतून असलेली नळीही टाळा. मुलामा सुटून फिल्टरमध्ये येतो.

२०२३च्या फेब्रुवारीत ई२० पेट्रोल सुरू झालं, आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याच्यापुढे टिकत नाही; ते फुगतं, मग कडक होऊन चिरतं. म्हणून गोदामात पडलेला जुना होज किंवा जुन्या बाजारातून किलोवर आणलेला तुकडा इथे चालणार नाही. होजवर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर७ हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचा, आर९ इंजेक्शनचा, आणि आतला थर इथेनॉलला टिकणारा आहे हे विक्रेत्याकडून पक्कं करून घ्या. टाकीत बुडणाऱ्या तुकड्याला आर१० लागतो, कारण आर९ फक्त आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. वर जाळी विणलेला टेफलॉनचा होज घेणार असाल तर आतला थर वीज वाहून नेणारा, काळा हवा. वाहत्या पेट्रोलने साध्या पांढऱ्या थरावर स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणग्या होजला सुईसारखी भोकं पाडतात.

ब्रेकचा होज पेट्रोलला आणि पेट्रोलचा ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेकच्या रबराला पेट्रोल आणि खनिज तेल चालत नाही, ते फुगून मऊ पडतं. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची रसायनं आहेत. त्यात चमचाभर इंजिन ऑइल गेलं तरी सगळे सील बदलावे लागतात. डॉट ५ सिलिकॉनचं. नाव सारखं असलं तरी बाकीच्यांत मिसळायचं नाही.

धातूच्या नळीवर रबरी होज चढवायचा असेल तर नळीच्या टोकाला फुगीर कंगोरा काढून घ्या. त्याच फ्लेअर हत्याराच्या पहिल्या दाबात तो येतो. कंगोऱ्याशिवाय होज निसटतो, कितीही आवळा. क्लिप अशी घ्या जिच्या पट्टीला भोकं नाहीत आणि कडा वळवलेल्या आहेत; साधी भोकांची क्लिप रबर कापते. नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्या. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोल तापून नळीतच त्याची वाफ होते आणि उभी गाडी परत सुरू होत नाही. वायरिंगच्या बाजूने नेऊ नका. काचेचा फिल्टर दिसायला छान, पण दगड लागला की फुटतो.

रंगाबद्दल एवढंच की बसवलेल्या नळ्यांसकट चासी पावडर कोटिंगला देऊ नका. भट्टी १८०-२०० अंशांची असते, रबर जातं. नायलॉन लेपाची नळी फ्लेअर मारण्याआधी टोकाशी खरवडून मोकळी करा. नट आवळल्यावर बाहेर उघडा राहिलेला धातू रंगवा. आट्यांवर आणि सीटवर रंगाचा ठिपकाही नको.

ब्रेक ऑइल भरल्यावर एअर काढा, बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. मग पेडल दोन मिनिटं पूर्ण जोराने दाबून धरा. ते खाली सरकता कामा नये. दुसऱ्याने तेवढ्यात प्रत्येक जोडावर पांढरा कागद टेकवून बघायचा. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर तासाभरात रंग सुटेल. पेट्रोलची तपासणी इंजिन बंद ठेवून, पंप चालू करून, अग्निशामक हाताशी ठेवून.

त्या मुलांनी तांब्याची नळी परत केली. पुढच्या रविवारी तांबं-निकेलची घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत फ्लेअर मारत बसली. पहिले पाच कापले. सहावा मी भिंगाखाली फिरवून पाहिला आणि चौघांनी मिळून तो मास्टर सिलेंडरला लावला. पन्नास किलोमीटर चालली की सगळे नट आणि क्लिपा पुन्हा बघायला गाडी घेऊन या, असं सांगितलं होतं. आली. मागच्या डाव्या चाकाजवळची एक क्लिप ढिली सापडली.